न मोजलेल्या मतांचा निकाल : न्यूयॉर्कची १७९२ ची गव्हर्नर निवडणूक

भारतात राज्यपालांची नियुक्ती राष्ट्रपती करतात. अमेरिकेतील राज्यांचा गव्हर्नर मतदारांकडून थेट निवडला जातो आणि त्याचे स्थान आपल्याकडील मुख्यमंत्र्यांच्या अधिक जवळचे असते. मात्र स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या दशकांत ही पद्धत तेथेही सर्वत्र नव्हती. ब्रिटिश राजाने नेमलेल्या गव्हर्नरांचा अनुभव ताजा असल्याने अनेक राज्यांनी हे पद मुद्दाम दुबळे ठेवले होते. व्हर्जिनिया, मेरिलँड, न्यू जर्सी आदी राज्यांत विधिमंडळच गव्हर्नर निवडत असे आणि तोही एकेका वर्षासाठी. व्हर्जिनियातील मतदारांना हा हक्क १८५१ च्या राज्यघटनेने मिळाला.

न्यूयॉर्कने वेगळा मार्ग धरला. तेथील १७७७ च्या राज्यघटनेने गव्हर्नरला तीन वर्षांचा कार्यकाळ आणि थेट निवडणूक दिली. मतदानाचा हक्क मात्र किमान १०० पौंड मूल्याची जमीन स्वतःच्या मालकीची असणाऱ्यांनाच होता. जॉर्ज क्लिंटन तेव्हापासून सलग निवडून येत होते. १७९२ मध्ये त्यांच्यासमोर उभे राहिले जॉन जे, जे त्या वेळी चक्क अमेरिकेचे सरन्यायाधीश होते. पदाचा राजीनामा न देता निवडणूक लढविण्यात तेव्हा कोणाला फारसे वावगे वाटले नाही.

कायद्यानुसार प्रत्येक काउंटीच्या शेरीफने मतपत्रिका पेटीत बंद करून राज्य सचिवाकडे पोहोचवायच्या होत्या. मोजणीसाठी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील प्रत्येकी सहा सदस्यांची समिती असे आणि तिचा निर्णय अंतिम मानला जाई. वाद पेटला तो ऑट्सेगो, टायोगा आणि क्लिंटन या तीन काउंटींच्या पेट्यांवरून. ऑट्सेगोच्या शेरीफची मुदत फेब्रुवारीतच संपली होती, पण नव्याने नेमलेल्याने अद्याप सूत्रे घेतली नव्हती. म्हणून जुन्यानेच पेटी रवाना केली. टायोगाची पेटी आणणारा वाटेत आजारी पडला आणि त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली. क्लिंटन काउंटीतून पेटी आणणाऱ्याकडे लेखी अधिकारपत्र नव्हते. मतदारांचा यात कोणताही दोष नव्हता.

समितीत क्लिंटन समर्थकांचे बहुमत होते. राज्याच्या दोन्ही सिनेटरांचे मत मागविण्यात आले, तेव्हा तेही दुभंगले : रुफस किंग यांनी ऑट्सेगोची मते मोजावीत असे सांगितले, तर एरन बर यांनी ती बाद ठरविण्याच्या बाजूने कौल दिला. अखेर तिन्ही काउंटींची मते बहुमताने बाजूला ठेवण्यात आली. उरलेल्या मतांत क्लिंटन यांना ८,४४० आणि जे यांना ८,३३२ मते मिळाली. फरक अवघा १०८ मतांचा! ऑट्सेगो हा जे यांचा बालेकिल्ला होता. तेथील मते धरली असती तर निकाल उलटला असता, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. विरोधकांचाही एक आक्षेप नोंद घेण्याजोगा आहे. ऑट्सेगोतील बडे जमीनदार विल्यम कूपर यांनी मतदारांवर दबाव आणल्याचा आरोप क्लिंटन गटाने केला होता. जमीन देणाऱ्याच्याच शब्दावर कुळांची व कर्जदारांची मते फिरणे त्या काळात अशक्य नव्हते.

जे समर्थकांनी निषेध सभा घेतल्या. निकाल उलटविण्यासाठी वेगळे अधिवेशन बोलवावे, इथपर्यंत भाषा गेली. पराभूत उमेदवाराने मात्र संयमाचा आग्रह धरला. नियमाच्या अक्षराआड मतदाराचा कौल नाकारला गेला ही त्यांच्या बाजूची तक्रार रास्तच होती. परंतु अंतिम ठरविलेला निर्णय बळाने मोडल्यास कोवळ्या प्रजासत्ताकात पुढची कोणतीही मोजणी टिकली नसती. विधानसभेने नंतर समितीचा निर्णय उचलून धरला आणि क्लिंटन पदावर राहिले.

१७९५ मध्ये क्लिंटन उभे राहिले नाहीत. ब्रिटनशी तह करण्यासाठी जे परदेशी गेले होते आणि त्यांच्या अनुपस्थितीतच मतदान पार पडले. रॉबर्ट येट्स यांचा पराभव करून ते निवडून आले. त्यानंतर त्यांनी सरन्यायाधीशपद सोडले आणि १८०१ पर्यंत दोन कार्यकाळ गव्हर्नर म्हणून काम पाहिले. त्यांच्या जागी मतदारांनी पुन्हा निवडले ते जॉर्ज क्लिंटन यांनाच.