संगणकाची जुनी तबकडी बदलताना

महोत्सवाच्या स्मरणिकेत संगणकाच्या तबकडीवर लेख कशाला, असे काही सभासदांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु आपल्या न्यासाची सभासद-नोंदवही, शिष्यवृत्त्यांचे हिशेब आणि सभांची इतिवृत्ते आज कागदावर थोडी व संगणकात अधिक आहेत. घरोघरीही हाच प्रकार. संगणक मंदावला की जाणकार सांगतात, "हार्ड डिस्क काढा, एसएसडी घाला." सल्ला उत्तम आहे. मात्र बदलानंतर संगणक उठेनासा झाला, तर कोणत्या क्रमाने शोध घ्यावा हे ठाऊक असले म्हणजे घाबरून भलतेच काही केले जात नाही. म्हणून हा प्रपंच.

हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात ५० तबकड्या असून सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. (त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची वाटणी होऊन आपला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला.) आजची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि हवे ते अक्षर सुईखाली येईपर्यंत सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. हा वेळ क्षुल्लक वाटतो खरा, पण संगणक सुरू होताना हजारो लहान फायली वाचतो. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. चिपमधील विद्युत्भारावर मजकूर असतो, आणि तो शोधण्यास वरील वेळाचा शंभरावा हिस्साही पुरतो. पेटीत स्मृती, म्हणजे रॅम, मुळातच दोन जीबी असेल, तर नुसत्या एसएसडीने फार चमत्कार होणार नाही, हेही येथे सांगून टाकतो.

जुनी तबकडी टिकटिक वाजत असेल किंवा फायली उघडताना अडखळत असेल, तर दुरुस्तीचे कार्यक्रम तिच्यावर चालवू नयेत. दमलेल्या बैलाला चढावर हाकण्यासारखे ते होते. आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. संपूर्ण नक्कल काढण्याचा विचार त्यानंतर.

नवी एसएसडी बसवली आणि ती दिसत नाही, अशी तक्रार असेल, तर प्रथम बायोसमध्ये पाहावे. संगणक सुरू होताच एफ-२ किंवा डिलीट हे बटण दाबल्यास बहुधा ते उघडते. तेथेही नाव नसेल तर दोष जोडणीचा समजावा: तार सैल, वीजपुरवठ्याची दुसरी तार राहिलेली, किंवा खाच व कार्ड यांची जात वेगळी. च्युइंगगमच्या पट्टीसारख्या एम-डॉट-टू कार्डात साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात. ते दिसायला सारखे, पण साटाच्याच खाचेत एनव्हीएमई कार्ड चालत नाही. उलट बायोसमध्ये नाव आहे, पण विंडोजमध्ये नाही, तर ती कोरी एसएसडी अजून आखलेली नाही एवढेच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती आखावी. मात्र तेथे आकडा पाहून आपण नवीच निवडली आहे ना, याची दोनदा खात्री करावी. जुन्या तबकडीवर चुकून फॉरमॅट दिले तर आयुष्यभराचे दप्तर जाते.

सर्वांत जास्त गोंधळ नक्कल पुरी झाल्यावर होतो. नक्कल झाली, संगणक मात्र काळ्या पडद्यावर थांबतो, आणि लोक नव्या एसएसडीला दोष देतात. आमच्या मते बहुतेक वेळा ती निर्दोष असते. पहिल्यांदा सुरू करताना जुनी तबकडी काढून ठेवावी, कारण मूळ व नक्कल यांची ओळखखूण एकच असल्याने दोन्ही जोडल्यास विंडोज त्यांतील एक बंद ठेवते. मग बायोसमध्ये सुरुवातीचा क्रम पाहावा. जुनी विंडोज 'लेगसी' पद्धतीची असून बायोस 'यूईएफआय'वर ठेवलेले असेल, तर ती सापडणारच नाही. कित्येकदा नक्कल करणारा फक्त 'सी' भाग उतरवतो. सुरुवातीची सूत्रे ज्यात असतात तो शेजारचा छोटा भाग मागेच राहतो. अशा वेळी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून 'स्टार्टअप रिपेअर' चालवावे. निळा पडदा येऊन 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे लिहून आले, तर एएचसीआय व आयडीई यांची अदलाबदल झाली आहे का ते पाहून पूर्वीचीच मांडणी परत करावी.

नक्कल न करता विंडोज नव्याने घातली, तर मराठी मंडळींपुढे एक वेगळेच संकट उभे राहते. नोंदवही उघडते, पण देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक चिवडा दिसतो. फाईल बिघडली असे समजून ती पुसणारेही आहेत! वस्तुतः ती धडधाकट असते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी लिहिण्याच्या बहुतेक फाँटांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असे. तो फाँट नव्या विंडोजमध्ये नाही, म्हणून आत खरोखर जे आहे ते दिसते. जुन्या तबकडीवरील विंडोजच्या 'फाँट्स' या फोल्डरातून तो फाँट आणून बसवला की नावे जशीच्या तशी परत येतात. मागाहून सवडीने मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा आणि रफार, जोडाक्षरे व पहिली वेलांटी मूळ पानाशी ताडून पाहावी. २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यापूर्वीच्या नोंदींत निर्मल, मंचेरियाल व आसिफाबादकडील गावे 'जिल्हा आदिलाबाद' अशीच असणार. उतरवताना ती 'सुधारू' नयेत.

एसएसडी बहुधा पूर्वसूचना न देता जाते, आणि तिच्यावरून पुसलेली फाईल परत मिळणे तबकडीपेक्षा पुष्कळ अवघड. शिवाय विजेवाचून ती वर्षानुवर्षे पडून राहिली तर भार हळूहळू ओसरतो. उष्णतेत अधिक लवकर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात दप्तर म्हणून एसएसडी कोंडून ठेवणे त्यामुळे इष्ट नव्हे. काढलेली जुनी हार्ड डिस्क चालू स्थितीत असेल तर लगेच पुसू नये. नव्या एसएसडीवर निदान एक हिशेबी वर्ष पार पडेपर्यंत ती तारखेची चिठ्ठी लावून कोरड्या जागी ठेवावी, आणि दर सहा महिन्यांनी जोडून दोन-चार फायली उघडून पाहाव्यात.