‘सर्व्हर डाउन’ आणि मधली तार

बँकेच्या काउंटरवर, तहसील कचेरीच्या खिडकीवर, रेल्वेच्या आरक्षण केंद्रावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक वाक्य चांगलेच रुळले आहे : ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ हे वाक्य बहुतेक वेळा खरे नसते. सर्व्हर मुंबईत किंवा आणखी कुठे एका थंडगार खोलीत व्यवस्थित चालू असतो. त्याच्या दिमतीला जनरेटर असतो, बॅटऱ्या असतात, रात्रपाळीचा माणूसही असतो. तुटलेली असते ती त्याच्यापासून आपल्या खिडकीपर्यंत आलेली तार. उसाचे बिल जमा झालेले आहे, पासबुकात त्याची नोंदही आहे, पण वाईच्या पंचक्रोशीतल्या एखाद्या शेतकऱ्याला ते पैसे आज हातात मिळतील की नाही, हे ठरते ते या तारेवर. नोकरीची बरीच वर्षे मी दूरसंचाराच्या ट्रान्समिशन विभागात, म्हणजे या तारांच्याच संगतीत काढली. त्यामुळे सर्व्हरवर येणारा हा आळ मला नेहमी खटकतो.

या तारेला आमच्या भाषेत ‘लीज्ड लाइन’ म्हणतात. मराठीत भाडेपट्ट्याची वाहिनी म्हणा हवे तर. ती काय असते, हे धोम धरणाच्या लाभक्षेत्रातल्या वाचकाला सांगणे सोपे आहे. कालव्याचे पाणी पाळीने येते. वरच्याने जास्त ओढले की खालच्याचे शेत कोरडे राहते. घरचे ब्रॉडबँड तसे आहे. संध्याकाळी सगळी गल्ली सिनेमा पाहू लागली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडेच येते. लीज्ड लाइन म्हणजे नदीवरून थेट स्वतःच्या विहिरीत आणलेली पाईपलाईन. पाणी उचला किंवा उचलू नका, पाईप तुमचाच. म्हणून तिचे भाडे वापरावर नसते. अंतरावर आणि पाईपच्या जाडीवर असते. रात्री बँक बंद असतानाही ते चालूच असते.

पूर्वी ही लाइन म्हणजे अक्षरशः तांब्याच्या तारा असत. साधारणतः चार. दोन जायच्या, दोन यायच्या. एक्स्चेंजमधून त्या जात, पण तिथल्या स्विचला त्यांचा स्पर्श होत नसे. म्हणून अशा लाइनला फोन जोडून कानाला लावला तरी डायल टोन येत नाही. वृत्तसंस्थांचे टेलिप्रिंटर अशाच लाइनींवर खडखडत असत. पुढे त्याच तारांच्या दोन्ही टोकांना मोडेम बसले आणि सेकंदाला 9600 बिट गेले तरी आम्ही खूश असायचो.

मग ‘64 के’ हा आकडा आला. बँकेतल्या संगणक विभागाच्या लोकांनाही तो तोंडपाठ असे, पण 64 च का, 60 किंवा 100 का नाही, हे क्वचितच कोणी विचारी. त्याचे मूळ संगणकात नसून माणसाच्या आवाजात आहे. टेलिफोनवरचे बोलणे समजण्यासाठी सुमारे 3400 हर्ट्झपर्यंतचे सूर पुरतात. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करायचे तर सर्वांत उंच सुराच्या दुपटीहून अधिक वेळा तो मोजावा लागतो, म्हणून सेकंदाला 8000 मोजण्या ठरल्या. प्रत्येक मोजणी 8 बिटांत लिहायची. 8000 गुणिले 8 म्हणजे 64000. असे 32 कप्पे एकत्र बांधले की 2048 किलोबिट होतात. यातल्या 30 कप्प्यांत बोलणे, उरलेल्या दोहोंत ताल सांभाळणे आणि कॉलच्या सूचना. हीच ती ‘टू एमबी’. म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायला सुरुवात केली ती माणसांच्या गप्पांसाठी बांधलेल्या कप्प्यांत बसून. भाडेकरू नंतर आला आणि हळूहळू त्याने सारा वाडाच व्यापला.

दूरदूरचे सर्व्हर अशा लाइनींनी जोडण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे आणि शिकण्यासारखे उदाहरण रेल्वे आरक्षणाचे आहे. दिल्लीत 1985 साली संगणकीय आरक्षण सुरू झाले. हळूहळू मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथेही ते आले. पण ही पाच केंद्रे म्हणजे पाच बेटे होती. वाईच्या माणसाने वाठार स्टेशन गाठायचे, नाहीतर साताऱ्याला जायचे. जाण्याचे तिकीट मिळे, पण दिल्लीहून परतीच्या आरक्षणासाठी तारेने विनंती धाडून उत्तराची वाट पाहावी लागे. ‘क्रिस’ या रेल्वेच्याच माहिती यंत्रणा केंद्राने ‘कॉन्सर्ट’ नावाची प्रणाली लिहिली. सप्टेंबर 1994 मध्ये ती सिकंदराबादला लागली आणि एप्रिल 1999 पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली.

यातली योजना मला अजूनही फार शहाणपणाची वाटते. पाचही सर्व्हरांवर सर्व गाड्यांची प्रत ठेवायची, असा मोह कोणालाही झाला असता. तसे केले असते तर साताऱ्याच्या खिडकीवर एक बर्थ विकला गेला की तो गेल्याची बातमी उरलेल्या चार ठिकाणी पोचेपर्यंत तिथेही तो विकला जाण्याची भीती. मग एका बर्थवर दोन प्रवासी आणि मध्ये टीसी! त्याऐवजी प्रत्येक गाडीचा हिशेब एकाच केंद्राकडे ठेवला. साताऱ्याची खिडकी मुंबईच्या सर्व्हरला जोडलेली. दिल्लीच्या ताब्यातील गाडी मागितली की मुंबईचा सर्व्हर ती मागणी लाइनवरून दिल्लीला पाठवतो, निर्णय दिल्ली घेते आणि उत्तर उलट्या वाटेने येते. शेवटच्या बर्थसाठी देशभरातून वीस मागण्या आल्या तरी त्या एकाच दारात रांगेने उभ्या राहतात. या वाटणीची खूण तुमच्या तिकिटावरही आहे. दहा आकडी पीएनआरचा पहिला आकडा 8 किंवा 9 असेल तर तो हिशेब मुंबई केंद्राचा, 2 किंवा 3 असेल तर दिल्लीचा.

वेळेचे म्हणाल तर तो प्रश्न जवळजवळ नाहीच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इथून दिल्लीपर्यंत तारेची लांबी दीड हजार किलोमीटर धरली तर जाऊन येऊन पंधरा मिलिसेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

खरी अडचण वेगळीच आहे. मागणी गेली, दिल्लीने बर्थ दिला, आणि उत्तर परत येत असतानाच तार तुटली तर? दिल्लीच्या लेखी बर्थ विकला गेला; साताऱ्याच्या लेखी काहीच घडले नाही. हे कोडे संगणकशास्त्रात 1970 च्या दशकापासून ‘दोन सेनापतींचे कोडे’ म्हणून ओळखले जाते. आपण ते आपल्याच मुलखात मांडू. एक सरदार पांडवगडावर, दुसरा वैराटगडावर, मध्ये वाईच्या खोऱ्यात शत्रूची छावणी. दोघांनी एकाच वेळी उतरून हल्ला केला तरच जय. पहिल्याने जासूद धाडला : ‘पहाटे निघतो.’ तो पोचला का? कळायला उलट जासूद हवा. तो वाटेत सापडला नाही ना, हे कळायला आणखी एक. असे कितीही जासूद धाडले तरी शेवटचा जासूद पोचला की नाही, याची शंका धाडणाऱ्याच्या मनात उरतेच. तार तुटू शकत असेल तर दोन्ही टोकांची पूर्ण खात्री कधीच होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. यावर कितीही महागडे यंत्र आणले तरी उपाय नाही.

मग व्यवहार चालतात कसे? खात्रीऐवजी आठवणीवर. प्रत्येक मागणीला एक वेगळा क्रमांक द्यायचा. उत्तर आले नाही तर त्याच क्रमांकाने पुन्हा विचारायचे. पलीकडचा सर्व्हर वही पाहून सांगतो : ‘हे काम मी केलेले आहे, हे घ्या त्याचे उत्तर.’ काम दुसऱ्यांदा करत नाही. आणि ठरावीक वेळेत काहीच जुळले नाही तर केलेले काम उलटवायचे. एटीएममधून नोट आली नाही पण खात्यातून पैसे गेले, हा प्रकार म्हणजे आपल्या वैराटगडाचा जासूद. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने यावर मुदत घातली आहे : व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत खात्यात यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. पुष्कळांना हे माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

बँकांनी सुरुवातीला तारेला पर्याय म्हणून आकाश निवडले होते. हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या संस्थेने 1999 मध्ये ‘इन्फिनेट’ हे बँकांचे खासगी जाळे उभे केले, ते उपग्रहावर. छपरावर छोटी तबकडी बसवली की खोदकाम नको, परवानग्या नकोत. पण भूस्थिर उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायचा, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली. एका फेरीलाच जवळजवळ अर्धा सेकंद. एका व्यवहारात अशा दहा फेऱ्या असतील तर पाच सेकंद झाले. त्यात के-यू बँडच्या लहरींना मुसळधार पाऊस मानवत नाही, आणि महाबळेश्वरच्या पायथ्याशी पावसाबद्दल काय बोलावे! पुढे तंतूचे जाळे गावोगाव पसरले तशी तबकडी मागे पडली, बहुतेक ठिकाणी राखीव म्हणून राहिली.

आज जी लाइन ‘डेडिकेटेड’ म्हणून विकली जाते, तिच्यात तुमच्या नावाची वेगळी तार नसते, हेही सांगायला हवे. एकाच तंतूतून शेकडो ग्राहकांची माहिती जाते. प्रत्येकाच्या पाकिटावर वेगळी चिठ्ठी लावलेली असते आणि वाटेतली यंत्रे ती चिठ्ठी पाहून पाकिटे पुढे ढकलतात. इतरांना तुमचे पाकीट दिसत नाही, तुमचा वाटा राखीव असतो. पण कुदळ पडली की सगळेच एकदम तुटतात.

करारात 99.5 टक्के सेवेची हमी असते. ऐकायला ती भक्कम वाटते. वर्षाचे 8760 तास. त्यातला अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ 44 तास. हे तास रविवारी पहाटे यावेत की बाजाराच्या दिवशी दुपारी, याबद्दल करार काही बोलत नाही. शाखा एवढ्यावर थांबत नाहीत, दुसरी लाइन घेतात, वेगळ्या कंपनीची. एका शाखेत मी असा प्रकार पाहिला आहे की दोन कंपन्यांच्या दोन लाइनी, दोन बिले, दोन निरनिराळ्या रंगांची यंत्रे, आणि जेसीबीच्या एका फटकाऱ्यात दोन्ही बंद. कारण दोन्ही तंतू रस्त्याकडेच्या एकाच चरातून गेलेले होते. एका कंपनीने दुसरीकडूनच वाट भाड्याने घेतली होती. रस्ता रुंदीकरणाचे काम सुरू असेपर्यंत तिथे आठवड्याला एकदा तरी हे व्हायचे.

वाईला भूगोल फार मोकळीक देत नाही. पूर्वेला सुरूर फाट्याकडे महामार्ग, पश्चिमेला पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर आणि पुढे पोलादपूरकडे कोकणात उतरणे. खरी दुसरी वाट हवी असेल तर ती या दुसऱ्या बाजूने, किंवा निदान डोंगरावरच्या टॉवरवरून रेडिओने जायला हवी. ती महाग पडते, पावसाळ्यात दरडींचा त्रास असतो, आणि ग्राहक थोडे म्हणून कंपन्यांना परवडत नाही. म्हणून दुसरी लाइन घेणाऱ्या प्रत्येक बँकेला, पतसंस्थेला, रुग्णालयाला मी एकच कागद मागायला सांगतो. दरपत्रक नव्हे, हमीपत्र नव्हे. तार इमारतीतून निघून कोणत्या रस्त्याने, कोणत्या पुलावरून, कोणत्या केंद्रात जाते, याचा नकाशा. तो पहिल्या कंपनीच्या नकाशावर ठेवून उजेडात धरायचा. दोन रेघा जिथे एक होतात तिथे बोट ठेवायचे आणि मग भाड्याचे बोलायचे.