तर्रीतली चरबी

नागपुरात सदरच्या एखाद्या भोजनालयात सावजी मटण मागवलं, की ताटात आधी दिसते ती तर्री. तिच्यात तेल असतं तशी बोकडाची चरबीही असते, आणि त्या चरबीत थोडी ट्रान्स फॅटही.

हो, तीच बदनाम ट्रान्स फॅट! पण ही कारखान्यातली नव्हे. गाय, म्हैस, शेळी हे रवंथ करणारे प्राणी. हिरव्या चाऱ्यातली असंतृप्त मेदाम्लं त्यांच्या पोटातले जिवाणू बदलतात, आणि त्या खटाटोपात व्हॅक्सेनिक आम्ल तयार होतं. तेच दुधात, तुपात, मटणात उतरतं. दुधाच्या स्निग्धांशात अशी ट्रान्स मेदाम्लं साधारण 2 ते 5 टक्के. कोंबडी रवंथ करत नाही, म्हणून तिच्यात ती नगण्य.

आपलं शरीर व्हॅक्सेनिक आम्लाचा काही भाग सीएलए नावाच्या मेदाम्लात बदलतं. त्यावरून तुपाला औषध ठरवणारे बरेच भेटतात; माणसांवरचे पुरावे मात्र तेवढे भक्कम नाहीत. याउलट, कारखान्यातल्या वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचा हृदयविकाराशी संबंध पक्का आहे. भारतात जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे ती या औद्योगिक ट्रान्स फॅटवर.

खरी काळजी संतृप्त मेदाची. तुपात तो साठ टक्क्यांहून अधिक, आणि त्याने रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. दिवसाच्या उष्मांकात त्याचा वाटा 10 टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरणभातावरच्या चमचाभर तुपाला माझी हरकत नाही. तर्रीची दुसरी वाटी मात्र राहू द्या.