तिसरं बोअर मारायचं?
मार्चपासून आमच्या सोसायटीत रोज दोन टँकर. मीटिंगमध्ये ठराव आला, तिसरं बोअर मारू. मीही हात वर केला. सकाळचा शॉवर कोण सोडणार, सांगा!

पुढच्याच वीकेंडला एका कलीगनं ओढत नेलं हिवरे बाजारला. अहिल्यानगर, म्हणजे आपल्या जुन्या नगरजवळचं गाव. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. १९९०च्या दशकात सरपंच पोपटराव पवारांसोबत गावानं डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडतोड आणि मोकाट चराई थांबवली. हे तुम्ही ऐकलं असेलच.

मी अडकलो ते पुढे. पावसाळा संपला की ग्रामसभेत वर्षभराच्या पाण्याचं चक्क बजेट मांडतात. आधी माणसं आणि जनावरं, उरेल त्यावर शेती. पाऊस कमी पडला तर पिकंही तशीच निवडायची. ऊस, केळी नाहीच. आणि शेतीला बोअर मारायला बंदी! कारण सोपं आहे. माझं खोल बोअर शेजाऱ्याच्या विहिरीचंही पाणी ओढतं.

आमच्या मीटिंगमध्ये शेजारच्या बिल्डिंगचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

परतताना सेक्रेटरींना मेसेज टाकला, ‘काका, बोअरवाल्याला ॲडव्हान्स दिलात का?’

उत्तर लगेच आलं. ‘कालच.’