औषधी वाटिकेतील तण आणि सालींचे आच्छादन

'तण खाई धन' ही म्हण शेतकऱ्याची. औषधी वाटिका राखणाऱ्या वैद्यास मात्र ती पुरती लागू पडत नाही, कारण त्याच्या वाफ्यातील अर्धेअधिक तण हेच धन असते. लोहारा परिसरात मृगाचा पाऊस झाला की शतावरीच्या वाफ्यात पुनर्नवा पसरते, अडुळशाच्या सावलीस भुईआवळी उगवते, पाण्याच्या पाटाकडेला माका दिसू लागतो आणि मोकळ्या जागेत गोखरू व आघाडा ठाण मांडतात. निघंटूत ज्यांचे गुणकर्म आपण पाठ केले, त्यांनाच खुरप्याने उपटून बांधावर फेकावयाचे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नासह तणनियंत्रणाच्या एका सोप्या उपायाचा, म्हणजे वृक्षांच्या सालींच्या आच्छादनाचा, विचार करावयाचा आहे.

वाटिकेचे खरे वैरी तीन: गाजरगवत, हराळी आणि लव्हाळा. पैकी हराळी म्हणजे आपली दूर्वा आणि लव्हाळा म्हणजे मुस्ता, ही गंमत वैद्यांस सांगावयास नको. गाजरगवताची कथा वेगळी. १९५५ साली पुण्यात प्रथम नोंदली गेलेली ही परदेशी वनस्पती आज मराठवाड्याच्या प्रत्येक बांधावर आहे. हिच्या संपर्काने होणारे त्वग्विकार आणि परागांमुळे होणारा श्वासाचा त्रास आपण चिकित्सालयात नित्य पाहतो. खुरपणी करणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर, मानेवर, पापण्यांवर उठणारी कंडू व वैवर्ण्य यांस लेप देऊन पुन्हा त्याच वाफ्यात पाठविणे हे निदानपरिवर्जनाच्या तत्त्वास धरून नाही. तणनाशकांचा मार्ग तर औषधी वाटिकेस वर्ज्यच मानावा. ज्या पानाचा स्वरस बालकास द्यावयाचा, त्याच्या मुळाशी विषारी फवारा कसा मारावा? ग्लायफोसेट या बहुप्रचलित तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले, हेही ध्यानात असावे.

आच्छादनाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे पालापाचोळ्याचे मोल पटवून दिले. सुभाष पाळेकर यांच्या शेतीपद्धतीत जीवामृत, बीजामृत व वाफसा यांच्या जोडीला आच्छादन आहेच. ऊसपट्ट्यात पाचट अंथरतात. पाश्चात्त्य देशांत लाकूड कापण्याच्या कारखान्यांतून उरणारी पाइनची साल बागेत पसरण्याची रीत आहे. लोहाऱ्यास पाइन नाही, आणि उसाचे पाचटही सर्वांना मिळत नाही. कडबा सुचविणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्या भागात दुष्काळी वर्षी जनावरांना कडबा पुरत नाही, तेथे तो वाफ्यात अंथरणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. साल गुरे खात नाहीत, आणि ती पाल्यापेक्षा पुष्कळ सावकाश कुजते.

ही साल आणावयाची कोठून? अर्धे उत्तर वैद्याच्या स्वयंपाकघरातच आहे. शार्ङ्गधरोक्त विधीने द्रव्याच्या सोळा पट पाणी घालून अष्टमांश उरविला की भांड्यात चोथा राहतो. व्रणधावनासाठी पंचवल्कल, त्याशिवाय अर्जुन, कुटज, निंब, अशोक अशा सालींचे क्वाथ ज्या चिकित्सालयात नित्य होतात, तेथे महिन्याकाठी पोतेभर चोथा सहज साठतो, आणि बहुधा उकिरड्यावर जातो. दीर्घकाळ उकळल्यामुळे त्यातील कषाय अंश बराचसा निघून गेलेला असतो. त्यामुळे ताज्या सालीने कोवळ्या रोपांना होऊ शकणारा अपाय टळतो. तैलपाकाचे किट्ट, आसव-अरिष्टांचा गोड गाळ व बिब्ब्याचा संस्पर्श झालेला चोथा मात्र घेऊ नये. पहिल्या दोहोंनी मुंग्या व उंदीर येतात, तिसऱ्याने हात उततात. उरलेली गरज आरागिरणीवर पडलेल्या बाभळीच्या व कडुलिंबाच्या ढलप्यांनी भागते. ते ढीग करून एक पावसाळा भिजू द्यावेत, मग वापरावेत. उभ्या झाडाची साल आच्छादनासाठी कदापि काढू नये. खोडाभोवती सालीचे पूर्ण कडे निघाले की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड मरते. औषधासाठी होणाऱ्या तोडीनेच सीता-अशोकासारखा वृक्ष संकटात आलेला आहे.

विधी सोपा आहे. प्रथम वाफा स्वच्छ खुरपून, पाणी देऊन, वाफसा आल्यावर वाळलेला चोथा व साल तीन ते चार बोटे जाडीने पसरावी. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, अन्यथा बुंधा कुजतो. गाजरगवतासारख्या बारीक बीजाच्या तणास उजेड मिळत नाही, आणि अंकुरात एवढा थर भेदण्याचे बळ नसते. काळ्या जमिनीस याचा दुसरा लाभ असा, की उन्हाळ्यात भेगा कमी पडतात व ओल टिकते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आमच्या वाटिकेतील आच्छादित आळ्यांना आठवड्यातून एकदा पाणी पुरले. उघड्यांना दोनदा देऊनही पाने मलूल होत.

दोषही सांगितले पाहिजेत. साल मातीत मिसळली तर ती कुजविणारे सूक्ष्म जीव जमिनीतील नत्र ओढून घेतात व रोपे पिवळी पडतात. म्हणून ती पृष्ठभागीच असावी. वाळवीचे भय आहे, यास्तव भिंतीलगत व लाकडी चौकटीजवळ पसरू नये. थराखाली विंचू आश्रय घेतात. हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे.

आणि लव्हाळा? तो या उपायास जुमानत नाही. त्याचा टोकदार कोंब सालीचा थर सहज भेदतो, प्लॅस्टिकचा कागदही भोसकून वर येतो. हराळीही कडेने आत शिरते. तिच्यासाठी वाफ्याभोवती वीतभर खोल चर ठेवावा लागतो.

आम्ही वाटिकेची एक कड मुद्दाम उघडी ठेवतो. तेथे पुनर्नवा, भुईआवळी व माका यांस मोकळीक आहे. गाजरगवत तेवढे फुलापूर्वी, हातमोजे घालून उपटावयाचे. लव्हाळ्याचे वाफे पावसाळा संपल्यावर खणून काढतो. कंद धुऊन, मुळांचे तंतू जाळून, उन्हात वाळवून ठेवले की वर्षभराच्या षडंगपानीयास लागणारा नागरमोथा विकत आणावा लागत नाही.