विसांच्या यादीतला एकविसावा

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. विमानतळांवर, कचेऱ्यांत, रुग्णालयांत संगणकांचे पडदे एकाएकी निळे पडू लागले. यंत्र बंद पडे, आपले आपण सुरू होई आणि पुन्हा निळे होऊन बसे. देशातल्या काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती चक्क पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. मायक्रोसॉफ्टने नंतर केलेल्या अंदाजानुसार जगभरात सुमारे ८५ लाख यंत्रे अशी आडवी झाली होती.

हल्ला वगैरे कोणी केलेला नव्हता. उलट, हल्ल्यांपासून यंत्राचे रक्षण करणारे क्राउडस्ट्राइक कंपनीचे जे सॉफ्टवेअर, त्याला ताजी माहिती पुरवणारी एक लहानशी फाइल त्या सकाळी धाडली गेली होती. कंपनीने पुढे स्वतःच कारणांची तपशीलवार मीमांसा प्रसिद्ध केली. तिच्यातला तांत्रिक भाग बाजूला सारला तर खाली उरते ते एवढेच : वीस नोंदींच्या यादीतून एकविसावी नोंद मागितली गेली.

एकविसावी नोंद नव्हतीच. पण 'ती नाही' असे सांगायला त्या जागी कोणी बसवलेले नव्हते.

निवृत्तीनंतर हौसेखातर मी थोडे प्रोग्रॅमिंग शिकलो. लोकांना वाटते, प्रोग्रॅमर म्हणजे सतत अवघड गणिते सोडवणारा माणूस. प्रत्यक्षात त्याची बरीचशी आज्ञावली एकाच कामाला जुंपलेली असते. पुष्कळ वस्तूंचा साठा समोर आहे, त्यातली नेमकी एक काढून द्यायची. लाखो प्रवाशांतला एक प्रवासी, हजार औषधांतले एक औषध. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे काम ओळखीचे वाटते. जुन्या शाखेतला लेजरकीपर दिवसभर दुसरे काय करत असे? काउंटरवर चेक आला की पाठीमागच्या कपाटातून नेमके लेजर, त्यातला नेमका फोलिओ आणि त्यावरची शेवटची शिल्लक. तोवर खातेदार पितळेचे टोकन हातात फिरवत बाकावर बसलेला. साठवणे हे गड्याचे काम होते. काढून देणे हे कसबाचे.

काढून देण्याच्या मुख्य रीती दोन. एक जागेवरून, दुसरी नावावरून. लेजरकीपरही त्या दोन्ही वापरत असे. खाते क्रमांक माहीत असेल तर थेट फोलिओ. नसेल तर आधी नावांचे इंडेक्स रजिस्टर.

जागेची रीत समजायला चाळ डोळ्यांसमोर आणावी. ओळीने वीस खोल्या, प्रत्येक खोली दहा फुटी. कोपऱ्यावर उभे राहून अमुक खोलीत जायचे तर वाटेतली दारे ठोठावत जाण्याची गरज नाही. क्रमांकाला दहाने गुणायचे आणि तेवढे फूट चालायचे. संगणकाच्या स्मृतीत ज्याला 'अ‍ॅरे' म्हणतात ती अशीच चाळ असते. पहिली खोली असो की लाखावी, गुणाकार एकच. म्हणून वेळही तितकाच लागतो. आता पहिल्या खोलीशी जायला किती चालावे लागते? शून्य फूट. म्हणून बहुतेक संगणकीय भाषांत पहिल्या वस्तूचा क्रमांक शून्य. नवख्या विद्यार्थ्याला याचा फार ताप होतो. मुंबईकराला मात्र होऊ नये. आपण तळमजल्याच्या वरच्या मजल्याला पहिला म्हणतो, अमेरिकन माणूस त्यालाच दुसरा म्हणतो; मोजण्याची सुरुवात कोठून, एवढाच वाद. १९५७ मध्ये आलेली फोरट्रान ही भाषा एकापासून मोजत असे. शून्याची बाजू पुढे डच संगणकतज्ज्ञ एड्स्खर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये हाताने लिहिलेल्या एका छोट्या टिपणात मांडली. ते अजून आवडीने वाचले जाते. पायथन या भाषेत तर उणे एक म्हटले की शेवटची वस्तू हाती येते. मला ही सोय फार आवडली. पासबुकात तरी आपण शेवटच्या ओळीशिवाय दुसरे काय बघतो?

नावाची रीत याहून गमतीची आहे. नावे अकारविल्हे लावलेली असली तर शब्दकोशासारखे मधोमध उघडायचे, पुढे की मागे ते ठरवायचे, उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करायचे. दहा लाख नावांतले एक अशा रीतीने फार तर वीस वेळा पाने उघडून सापडते. पण १९५३ मध्ये आयबीएम कंपनीतल्या हान्स पेटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात वेगळीच कल्पना मांडली. हे गृहस्थ जर्मनीत जन्मलेले, कापडाच्या धंद्यातून आलेले. कापडातले धागे मोजण्याचे साधन आधी त्यांनी काढले होते. त्यांचे म्हणणे असे, की नाव शोधत कशाला बसायचे? नावालाच त्याची जागा विचारावी.

म्हणजे कसे? समजा, शंभर खण आहेत आणि ग्राहकांची कागदपत्रे त्यांच्या मोबाइल क्रमांकावरून ठेवायची आहेत. दहा आकड्यांच्या पाच जोड्या करायच्या, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचे शेवटचे दोन आकडे हा खणाचा क्रमांक. ठेवताना हीच बेरीज, काढतानाही हीच. कागद कोटीभर असले तरी खणांची संख्या त्या मानाने वाढवली की झाले. हात थेट खणाशी जातो. दोन ग्राहक एकाच खणात आले तर त्या खणातले चार-दोन कागद पूर्ण क्रमांकाशी ताडून बघायचे. या रीतीला 'हॅशिंग' म्हणतात. हॅश हा इंग्रजीतला स्वयंपाकघरातला शब्द, बारीक चिरून एकत्र कालवलेल्या पदार्थाचा. आज बहुतेक सर्व भाषांत नावावरून वस्तू काढण्याची जी सोय असते तिच्या पोटात बहुधा हेच कालवण असते. जाता जाता, आपल्या डेबिट कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांची पडताळणी करतो. ती युक्तीही याच लून यांची.

इथवर सगळे छान आहे. वस्तू साठ्यात असेल तर यंत्र ती अफाट वेगाने काढून देते. माझ्या मते या विद्येचा खरा कस लागतो तो वस्तू नसते तेव्हा.

पुन्हा चाळीत जाऊ. खोल्या वीस, म्हणजे क्रमांक शून्य ते एकोणीस. कोणी विसावा क्रमांक मागितला तर गुणाकार काही अडत नाही. दोनशे फूट चालायचे. चाळ तिथे संपलेली असते. पुढे शेजाऱ्याचे घर असेल, विहीर असेल. डेनिस रिची यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये रचलेली सी ही भाषा, आणि तिच्या वाटेने गेलेल्या काही भाषा, इथे थांबवत नाहीत. प्रत्येक वेळी 'चाळ संपली का?' विचारायचे तर वेळ जातो, ती जबाबदारी लिहिणाऱ्याची, असा हिशेब. क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत तक्त्याला रकाने एकवीस ठरवले होते, मूल्ये मात्र वीसच पुरवली जात होती. आधीच्या फायलींत एकविसाव्या रकान्यापुढे 'काहीही चालेल' अशा अर्थाची खूण होती. त्यामुळे तिथवर कोणी चालत गेलेच नव्हते. त्या शुक्रवारच्या फायलीने पहिल्यांदा तो रकाना खरोखर तपासायला सांगितला. सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसलेले, त्यामुळे ते विहिरीत पडले ते यंत्राला घेऊनच.

हे निदान सर्वांना दिसले. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीला आलेला 'हार्टब्लीड' हा दोष याहून वाईट, कारण तो मुकाट होता. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये 'मी पाठवतो तो मजकूर परत पाठव, त्याची लांबी अमुक' अशी एक साधी विचारणा असते. मजकूर चार अक्षरांचा आणि लांबी चौसष्ट हजार अक्षरांची सांगितली, तरी समोरचे यंत्र निमूटपणे तेवढे देत असे. चार अक्षरे तुमची आणि पुढे शेजारी जे पडले असेल ते, कोणाचे पासवर्डसुद्धा. काउंटरवर आपल्या पासबुकाची प्रत मागावी आणि कारकुनाने उरलेले लेजरही झेरॉक्स करून द्यावे, तसे.

ब्रिटिश संगणकतज्ज्ञ टोनी होअर यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना १९८० मध्ये एक हकिगत सांगितली होती. साठच्या दशकात त्यांनी तयार केलेल्या व्यवस्थेत प्रत्येक मागणी हद्दीत आहे की नाही हे दर वेळी तपासले जाई. काही वर्षांनी त्यांनी ग्राहकांना विचारले, की वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का? सर्वांनी एकमुखाने नको म्हटले. त्या ग्राहकांचा मला आदर वाटतो.

बऱ्याच नव्या भाषा तपासतात. पायथनला नसलेली वस्तू मागा, ती काम थांबवून स्पष्ट तक्रार करते. काही भाषा मात्र तक्रार न करता हातात 'काही नाही' नावाची पोकळ वस्तू ठेवतात, आणि ती पोकळी पुढे दहा पायऱ्यांनी भलतीकडेच फुटते. ही पोकळ वस्तू १९६५ मध्ये आणली तीही होअर यांनीच; २००९ मध्ये त्यांनी तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. याशिवाय एक सोय असते : 'वस्तू नसेल तर हे धर' असे आधीच सांगून ठेवायचे. वापरायला सोपी, म्हणून लोकप्रिय. खाते सापडले नाही तर शिल्लक शून्य धर. बँकेत वाढलेल्या माणसाच्या अंगावर इथे काटा येतो. खात्यात शून्य रुपये असणे आणि खातेच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माणूस आपला असतो आणि त्याचा चेक परत करायचा असतो. दुसऱ्यात चौकशी करायची असते.

आणि 'नाही' हे उत्तर प्रामाणिक असूनही चुकीचे असू शकते. किल्लीचा दाता जरा निराळा असला की झाले. याचे मराठी उदाहरण घरचेच आहे. 'कऱ्हाडकर' या आडनावातला अर्धा ऱ्ह. संगणकाच्या युनिकोड लिपीसंचात 'ऱ' हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते : एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता असे दोन तुकडे जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डोळ्यांना फरक कळत नाही. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दोन्हींना आधी एकच रूप दिलेले नसेल तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावे, दोन वेगळे खण. कऱ्हाडकर साठ्यात बसलेले असतात आणि यंत्र शपथेवर सांगते, की या नावाचे कोणी नाही. लेजरकीपरने निदान चष्मा सरसावून 'गावचे नाव काय?' असे विचारले असते.

हे केवळ अक्षरांचे खेळ नव्हेत. दहा वर्षे ज्यांना कोणी हात लावला नाही अशा ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग करतात. फेब्रुवारी २०२३ अखेर केवळ सरकारी बँकांनी वर्ग केलेली रक्कम ३५ हजार कोटींच्या वर होती. पैसे हरवलेले नाहीत, नोंदीही आहेत. त्यांच्यापर्यंत पोचणारी किल्ली मात्र कोणाच्या तरी ट्रंकेत किंवा थेट स्मशानात गेली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचे शोधस्थळ सुरू केले. तिथे खातेदाराचे नाव, बँक आणि पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा जन्मतारीख यांपैकी निदान एक गोष्ट द्यावी लागते. मार्च २०२४ पर्यंत त्यात तीस बँका आल्या होत्या. शोध तिथे, पैशांची मागणी मात्र त्या त्या बँकेतच.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावाने शोधणार असाल तर जुने पासबुक आधी काढा आणि इंग्रजी स्पेलिंग त्यातले जसेच्या तसे घाला. त्या काळी कारकुनाने कुलकर्णी कसे लिहिले असेल ते आज आपण कसे लिहितो त्यावरून कळत नाही. नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम उलटा करूनही एकदा पाहावे. आजीचे खाते माहेरच्या नावाने असू शकते.