डाळिंबाचे शीतगृह : उष्णतेच्या भाराचा हिशेब

मोहोळ तालुक्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो आणि हस्त बहाराची डाळिंबे उन्हाळ्याच्या तोंडावरच उतरतात. अशा वेळी शीतगृहासाठी यंत्र किती शक्तीचे घ्यावे, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. यंत्र लहान पडले तर माल नासतो. मोठे घेतले तर भांडवल अडकते.

हा हिशेब आता संगणकावर होतो. परंतु संगणक केवळ बेरीज करतो. आकडे बागायतदारानेच पुरवावयाचे असतात. भिंती व छतातून शिरणारी उष्णता, दारातून येणारी गरम हवा, आतील माणसे, दिवे व पंखे, फळांचे श्वसन आणि मालाबरोबर शेतातून आलेली उष्णता यांची बेरीज म्हणजे उष्णतेचा भार होय. यांत शेवटची बाब बहुधा सर्वांत जड ठरते.

समजा, १० टन डाळिंब एका दिवसात ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणावयाचे आहे. एक किलो फळ एक अंशाने थंड करण्यास सुमारे ३.६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यावरून केवळ मालाचा भार साडेबारा किलोवॉट निघतो. विक्रेते यालाच साडेतीन ‘टन’ म्हणतात. हा टन फळांच्या वजनाचा नव्हे, उष्णता काढण्याच्या वेगाचा आहे. तीच फळे पहाटे तोडून, सावलीत ठेवून २५ अंशांवर आत घेतल्यास भार सुमारे ८.३ किलोवॉटवर येतो. म्हणून तोडणीची वेळ ठरविल्यावाचून यंत्राचे दरपत्रक मागवू नये. तापमान मात्र ५ अंशांखाली नेऊ नये. अतिथंडीने साल तपकिरी पडते.